पोटातले ओठावर

आषाढ-श्रावणात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी थोडा बदलतो. एरवी वाचक वजन, साखर आणि रक्तदाब यांचे आकडे कळवून काय खावे ते विचारतात. आषाढी एकादशी उलटली आणि नागपंचमी जवळ आली, की काय खाऊन झाले आहे ते सांगू लागतात. म्हणून मागच्या अंकात आम्ही वाचकांना, खाण्याची किंवा व्यायामाची घरच्यांपासून लपवलेली एखादी गोष्ट कळवावी, असे सुचवले होते. बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत, कारण आपल्या भागात गल्लीचे नाव सांगितले तरी माणूस ओळखला जातो.

ताई, सप्रेम नमस्कार. पुण्याचे पाहुणे येणार असले, की आमच्याकडे चार दिवस आधी अर्धा किलो कुंदा आणून फ्रीजमध्ये ठेवतात. रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठतो आणि एक चमचा कुंदा खातो. चोरी उघडकीस येऊ नये म्हणून खड्डा पडलेली जागा चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करतो. गेल्या खेपेला पाहुणे आले तेव्हा डब्यात वरून सगळे व्यवस्थित होते, फक्त कुंद्याची उंची निम्मी झाली होती. पत्नीने दुकानदाराला दोष दिला आणि मी मान डोलावली. वय ५२, साखर 'काठावर' आहे असे डॉक्टर म्हणतात. कुंदा पूर्ण बंद करावा काय? — एक वाचक, शहापूर

बंद करा असे मी बेळगावकराला सांगणार नाही, कारण तो ऐकणार नाही आणि डबा फ्रीजमधून कपाटात जाईल. तुमच्या पत्रात मला कुंद्यापेक्षा ते सपाट करणे अधिक महत्त्वाचे वाटते. म्हशीचे साडेचार-पाच लिटर दूध आटवले, की साधारण किलोभर खवा होतो. कुंदा हा त्याच जातीचा, तांबूस होईपर्यंत आटवलेला आणि वरून साखर घातलेला पदार्थ असल्यामुळे त्याच्या एका चमच्यात दुधाची स्निग्धता आणि साखर दोन्ही दाटून बसलेली असतात. असा पदार्थ उभ्याने, अंधारात, फ्रीजच्या दिव्याच्या उजेडात खाल्ला, की त्याचा हिशेब मनात कोठेच नोंदला जात नाही, आणि खड्डा बुजवला की उरलासुरला पुरावाही जातो. दुसऱ्या रात्री तुम्ही डबा उघडता तेव्हा तो तुमच्या दृष्टीने नवाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवता आली तर अधिक चांगले. चहाचे पाच-सहा चमचे म्हणजे ही २५ ग्रॅम साखर. आपल्याकडचा चहा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन चमच्यांचे दोन कप झाले, की दिवसाचा बहुतेक वाटा संपतो. तेव्हा ज्या दिवशी कुंदा खायचा, त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्यावा. डबा अर्ध्या किलोचा न आणता पाव किलोचा आणावा, तोही पाहुणे येण्याच्या दिवशी, आणि आपला वाटा सर्वांसमोर बशीत काढून, बसून, दुपारच्या जेवणानंतर खावा. साखर काठावर असताना तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी करून घेणे अर्थातच आले. दुकानदाराविषयीचा गैरसमज दूर करायचा की नाही, हे मी तुमच्या विवेकावर सोडते. पण तो बिचारा वजनाचा पक्का असणार.

नमस्कार. आम्ही आठ-दहा मैत्रिणी रोज पहाटे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली तासभर चालतो. चालून झाले की इडली-वडा, आणि शनिवारी लोणी घातलेला डोसा, असा आमचा परिपाठ आहे. घरी आल्यावर मी पुन्हा सर्वांसोबत नाश्ता करते, कारण 'बाहेर खाल्ले' असे सासूबाईंना सांगण्याचे धाडस होत नाही. दोन वर्षे नेमाने चालूनही वजन तीन किलोंनी वाढले आहे. चालण्यात काही चुकते काय? — टिळकवाडी

चालण्यात काहीही चुकत नाही. साठ किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालली, तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या साठएक कॅलरी ती घरी नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या. तळलेले दोन मेदूवडे त्या तासाला पुरून उरतात. खोबऱ्याची चटणी आणि लोणी मी अजून धरलेच नाही. चालण्याने हृदय, साखर, झोप आणि मनःस्थिती यांना जे मिळते ते वजनाच्या काट्यावर दिसत नाही, म्हणून कृपा करून चालणे सोडू नका. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे सांगितले जाते आणि तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे आहात.

अडचण दुसऱ्या नाश्त्याची आहे. पहिला नाश्ता तुम्ही श्रमाचे बक्षीस म्हणून खाता आणि दुसरा सासूबाईंच्या धाकाने, त्यामुळे भूक म्हणून खाल्लेला असा नाश्ता सकाळभरात एकही होत नाही. इडली ठेवा, वडा आठवड्यातून एकदा मागवा आणि तोही मैत्रिणीबरोबर अर्धा-अर्धा करून घ्या. घरी मात्र 'मैत्रिणींबरोबर इडली खाऊन आले' असे सरळ सांगा. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलतील. चौथ्या दिवशी त्या स्वतः चालायला येण्याची तयारी करतील, हा धोका मात्र लक्षात ठेवावा.

ताई, आमच्या शेजारच्या अक्का कन्नड आहेत आणि आमचे वीस वर्षांचे घरोब्याचे संबंध आहेत. पाडवा आणि युगादी एकाच दिवशी येत असल्यामुळे आमची पुरणपोळी त्यांच्याकडे जाते आणि त्यांची होळिगे आमच्याकडे येते. नागपंचमीला तर त्यांच्याकडून शेंगांच्या, तंबिट्टाच्या, चुरमुऱ्यांच्या अशा उंड्यांचा, म्हणजे लाडवांचा, मोठा डबा येतो. डबा रिकामा परत करू नये म्हणून मी त्यात काहीतरी गोड भरून पाठवते, मग ते रिकामे भांडे त्या गोड भरून परत पाठवतात. घरात मी आणि यजमान दोघेच. मुले बंगळुरात. यातून सुटका कशी व्हावी? मला उंड्या आवडत नाहीत असे खोटे कसे सांगू? — वडगाव

हे खोटे सांगूच नका. वीस वर्षांचा घरोबा एका वाक्याने मोडायचा नाही. शिवाय शेंगदाणा आणि गूळ यांत दोष असा नाही. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात आणि चांगल्या उंडीने दोन तास भूक लागत नाही. प्रश्न फक्त आकाराचा आहे. मध्यम आकाराच्या एका उंडीतून साधारण दीडशे कॅलरी मिळतात आणि उत्तर कर्नाटकातल्या पंचमीच्या उंड्या मध्यम आकाराच्या असतात, असे मी तरी पाहिलेले नाही. शेतात राबणाऱ्या माणसाच्या हाताने, त्याच्याच भुकेसाठी वळलेला तो लाडू आहे, आणि आपण तो दुपारी दूरदर्शनसमोर बसून खातो.

डब्याच्या येण्याजाण्यावर एकच उपाय चालतो, तो म्हणजे आपल्या बाजूने गोड पाठवणे थांबवणे. भांडे रिकामे परत करायचे नाही, एवढीच रीत आहे. ते गोडानेच भरावे असे कोठेही नाही. परड्यातली मेथी पाठवा, चार लिंबे पाठवा, संकेश्वरी मिरचीचा ठेचा पाठवा. दोन फेऱ्यांत अक्कांकडूनही हिरवी मिरची किंवा कारळ्याची चटणी येऊ लागेल. आलेल्या उंड्यांपैकी दोन बाहेर ठेवून उरलेल्या त्याच दिवशी बंगळुरास रवाना कराव्यात. मुलांना घरची आठवण येते आणि त्यांचे वय ते पचवण्याचे आहे.

मॅडम, नवऱ्याच्या हट्टाने आम्ही ट्रेडमिल घेतले. पहिला महिना त्यांनी वापरले. जूनपासून आमच्या खानापुरात पावसाची झड लागली, कपडे वाळेनात, म्हणून मी एकदा त्याच्या दांड्यावर टॉवेल टाकला. आता त्यावर संपूर्ण घराचे कपडे वाळतात आणि त्यांनी एकदाही तक्रार केलेली नाही. यात माझे चुकले काय? — खानापूर

तुमचे काहीच चुकलेले नाही, आणि त्यांनी तक्रार का केली नाही ते तुम्हालाही ठाऊक आहे. पावसाळा संपेपर्यंत दोघांनी घरातच दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे उठाबशा काढाव्यात, भिंतीला हात टेकून जोर मारावेत आणि जिना असल्यास चढ-उतार करावा. दिवाळीनंतर यंत्र विकायचे ठरल्यास टॉवेलाचा उल्लेख करू नये.

आषाढी एकादशीला घरात मी एकटीच कडक उपवास करते, असा माझा लौकिक आहे. वस्तुस्थिती अशी, की सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस आणि रात्री पुन्हा उरलेली खिचडी असते. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे गोडाधोडाचे. 'उपवासाने थकलीस' म्हणून सगळे मला विश्रांती देतात आणि मी ती घेते. — अनगोळ

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या आजी-पणजींनी उगाच घडवलेली नाही. त्यांच्या माजघरात हेच चालत असणार. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळपास निव्वळ पिष्टमय भाग. त्यात प्रथिने नाममात्र, चोथा नाममात्र, आणि खिचडी मोकळी व्हावी म्हणून तुपाचा हात सैल. उपवासाच्या नावाखाली आपण एरवीच्या ताटातली भाजी, डाळ आणि ज्वारीची भाकरी बाजूला काढतो आणि पिष्ट व स्निग्ध तेवढे ठेवतो, त्यामुळे संध्याकाळी येणारा तो 'थकवा' पुष्कळदा खाऊन आलेली सुस्ती असते.

बेळगाव तालुक्यात उपवासाची उत्तम सोय शेतातच पिकते, ती म्हणजे रताळी. सालीसकट उकडलेल्या शंभर ग्रॅम रताळ्यांत साधारण शंभर कॅलरी आणि बऱ्यापैकी चोथा असतो, तर तेवढ्याच कोरड्या साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे कॅलरी, त्याही तूप आणि दाण्याचा कूट घालण्याआधीच्या. एक वेळ उकडलेली रताळी आणि ताक, एक वेळ वरीचा भात आणि आमटी, मध्ये एखादे फळ, एवढे पुरे आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी मात्र कोणताही उपवास, विशेषतः निर्जळी, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हे मी दर आषाढात लिहिते आणि दर आषाढात कोणीतरी चक्कर येऊन पडतेच. विश्रांतीबद्दल बोलायचे तर ती घ्या. घरकाम करणाऱ्या बाईला दर एकादशीला, म्हणजे वर्षातून चोवीस दिवस, विश्रांती मिळत असेल, तर त्या लौकिकाला मी धक्का लावणार नाही.

निवृत्त आहे. आम्हा मित्रांचा एक गट आहे, त्यात रोज रात्री कोण किती पावले चालला ते फोनवर पाहून सांगायचे असते. दहा हजारांच्या खाली आलेल्याने रविवारी सर्वांना चहा-भजी द्यायची. मी संध्याकाळी फोन नातवाच्या खिशात ठेवतो. तो अंगणात क्रिकेट खेळतो. गेल्या महिन्यात मी गटात पहिला आलो. — निपाणी

अभिनंदन नातवाचे. दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्राने मोजून ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचेच नाव 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते, आणि तेव्हापासून हा आकडा जगभर चिकटला. अमेरिकेतील वयस्कर स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दिवसाला सुमारे साडेचार हजार पावले चालणाऱ्यांमध्येही अगदी कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. तुमच्या गटाने मर्यादा सहा हजारांवर आणावी. मग नातवाला फोन सांभाळत धावा काढाव्या लागणार नाहीत. शिक्षा म्हणून भजी ठेवण्याची कल्पना कोणाची आहे ते कळवावे. हरलेल्याने खर्च करायचा आणि जिंकलेल्यांनी तळलेले खायचे, असा तो नियम दिसतो.

वजन करताना मी घड्याळ, पट्टा, चष्मा आणि खिशातली किल्ली काढून ठेवतो, श्वास रोखतो, आणि आकडा पसंत पडला नाही तर काटा दुसऱ्या फरशीवर नेऊन पाहतो. हे योग्य आहे काय? — कॅम्प, बेळगाव

चष्मा असू द्या, नाहीतर आकडा वाचणार कसा? आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, त्याच कपड्यांत आणि त्याच फरशीवर वजन करावे. रोजचा किलोभराचा चढउतार बहुधा पाण्याचा असतो. त्यापेक्षा शिंप्याची फीत आणून श्वास सोडल्यावर, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजत जावी. भारतीय पुरुषांत ती ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानतात. फीत पोटावरून घ्यायची आहे, पोटाखाली बांधलेल्या पट्ट्यावरून नव्हे. पँटचा माप-क्रमांक पाहून ३४ इंच असे लिहून पाठवणाऱ्या वाचकांनी पुन्हा मोजून कळवावे.