केंद्र पुरामुळे हलवलं ते ठीक, पण दोन वॉर्डांना दोन नियम का?

नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याकडच्या एका गावातून मेल आलाय, आणि पावसाळ्यात ग्रामपंचायतीचं मतदान झालं की असला एक तरी मेल येतोच. प्रकरण असं: दारणा-गंगापूर धरणांचा विसर्ग वाढला, गोदावरीचं पाणी काठावरच्या झेडपी शाळेत शिरलं, वॉर्ड ३ चं केंद्र आदल्या रात्री फरशी पुलापलीकडच्या विद्यालयात नेलं, सकाळी पुलावरूनच पाणी, वस्तीतले बरेच लोक पोचलेच नाहीत आणि मेल लिहिणाऱ्यांच्या मिसेस ११ मतांनी पडल्या. वॉर्ड १ चं केंद्र पण हलवलं होतं, पण तिथे समोरच्या पॅनलचा जोर, तर तिथल्या लोकांना ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आणलं आणि मतदान अंधार पडेपर्यंत चाललं. आता विचारतायत, हायकोर्टात रिट याचिका टाकू का. सोबत अमेरिकेतल्या फ्लोरिडाची बातमीही जोडलीये.

भाऊ, मेलमध्ये सगळं लिहिलंत आणि निकालाची तारीख पार शेवटच्या ओळीत. निकाल लागून आज नववा दिवस. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम कलम १५ प्रमाणे निवडणुकीला आव्हान द्यायला निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवस मिळतात, आणि अर्ज दिवाणी न्यायाधीशाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत निफाडला करायचा. तुम्ही या नऊ दिवसांत काय केलंत, तर तहसीलला निवेदन, कलेक्टर ऑफिसला निवेदन, पुढाऱ्याबरोबर फोटो आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज. अहो, माहिती अधिकारात उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस आहेत! ते उत्तर हातात येईपर्यंत तुमची मुदत संपून पंधरवडा झालेला असेल. उशीर माफ होईल या भरवशावर तर अजिबात राहू नका, निवडणुकीच्या अर्जात कोर्टं त्याबाबत फार कडक असतात. रिटचं पण डोक्यातून काढा, घटनेच्या अनुच्छेद २४३-ओ प्रमाणे पंचायतीच्या निवडणुकीला निवडणूक अर्जानेच आव्हान देता येतं, त्यामुळे हायकोर्ट पहिल्यांदा हेच विचारेल की निवडणूक अर्ज का नाही केला.

आता खरी गोम. त्याच कलम १५ मधलं पोटकलम ७ बघा. आव्हान फक्त अधिकाऱ्याच्या चुकीवर असेल, किंवा भ्रष्ट हेतूने न झालेल्या अनियमिततेवर असेल, तर न्यायाधीश निवडणूक रद्द करणार नाही. म्हणजे 'केंद्र लांब नेलं, लोकांचे हाल झाले' एवढंच लिहिलंत तर समोरचा वकील दोन मिनिटांत सांगेल की साहेब पूर आला होता, अधिकाऱ्याने रात्री जमेल ते केलं, आणि तुमचा विषय तिथेच मिटला. तुमच्या मेलमध्ये ९० टक्के हेच आहे. कामाचं आहे ते ट्रॅक्टरचं एक वाक्य.

कारण पूर एकच, रात्र एकच, अधिकारी एकच, मग एका वॉर्डाला वाहन आणि दुसऱ्याला नाही हे कसं? ट्रॅक्टर कोणाचा होता, कोणाच्या सांगण्यावरून आला, डिझेलचं बिल ग्रामपंचायतीने दिलं का उमेदवाराने? उमेदवाराने मतदार वाहून आणले असतील तर तो वेगळाच मुद्दा होतो आणि तुमच्यासाठी जास्त बरा. तुमच्या वस्तीतून कोणी वाहन मागितलं होतं का, कोणाला फोन केला, किती वाजता? अनियमितता भोळी नव्हती हे अशा तुलनेतून दाखवता येतं, 'तहसीलदार त्यांचाच माणूस आहे' असं अर्जात लिहून काही होत नाही.

अंधारापर्यंतच्या मतदानावर मात्र फार जोर देऊ नका. साडेपाचला जे रांगेत होते त्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू देतात, ते कायदेशीरच आहे. साडेपाचनंतर रांगेत कोणी घुसल्याचं तुमच्या पोलिंग एजंटने पाहिलं असेल तरच बोला. आणि हो, त्या एजंटने दिवसभरात एकही लेखी हरकत दिली नाही, हे वाचून खरंच डोक्याला हात लावला.

फ्लोरिडाचं म्हणाल तर २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मायकल वादळानंतर गव्हर्नर रिक स्कॉटनी आठ काउंट्यांपुरते (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मतदानाचे नियम सैल केले आणि ते स्वतः सेनेटचे उमेदवार होते, त्यामुळे संशयाला जागा होती. पण ऑर्डर लेखी होती, काउंट्या नावानिशी होत्या. २०२४ ला हेलीन वादळानंतर नॉर्थ कॅरोलायनात तर निवडणूक मंडळातल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी एकमताने सवलती दिल्या. आपल्या कोर्टात याचा पुरावा म्हणून काडीचा उपयोग नाही, पण यावरून तुमच्या प्रकरणात काय शोधायचं ते कळतं: केंद्र हलवल्याचा लेखी आदेश आहे का, त्यात वाहनाची सोय दोन्ही वॉर्डांना लिहिली होती का, दोन्ही पॅनलला एकाच वेळी कळवलं का, दवंडी दिली का नुसता व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवला.

बाकी, ११ मतांचा फरक आणि न आलेले साठ-सत्तर मतदार यावरून निकाल फिरला असता असं कोर्ट मानेल की नाही, मी आत्ता नाही सांगू शकत, मत गुप्त असतं, ते तुम्हालाच पडलं असतं हे कसं सांगणार. निवडणूक अधिकाऱ्याला अर्जात प्रतिवादी करायचं का यावरही मतं वेगळी आहेत, विजयी उमेदवार मात्र हवाच. केस किती वर्षं चालेल ते विचारू नका, पाच वर्षांची टर्म संपल्यावर निकाल लागलेले अर्ज आहेत.

उद्याच निफाडला वकील गाठा. अर्ज मिसेसच्या नावाने करा, सह्या त्यांच्याच हव्यात. निकालाची प्रत, केंद्रनिहाय मतांचा तक्ता, वॉर्डाची मतदार यादी, त्या दिवशीचे विसर्गाचे क्युसेकचे आकडे आणि पुलाचे मूळ फोटो न्या, फॉरवर्ड केलेले नकोत, ज्याने काढलेत त्याचा फोनच बरोबर घेऊन जा. आदेशाची नक्कल नसेल मिळत तर अर्जात तसं लिहून कोर्टाकडून मागवून घ्या, पण त्यासाठी थांबू नका.