एमजीबी विकायला काढताना

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा तुझ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, एमजीबीच्या, बिलांचा हिशेब मिळाला. हिशेब चोख आहे, पण किंमत ठरवायला त्याचा उपयोग नाही. खरेदीची रक्कम, इंजिनकाम, रंग, नवं कापडी छप्पर अशी बेरीज करून तू आकडा काढलास. घेणारा मात्र वजाबाकी करतो. तशीच पण उत्तम स्थितीतली गाडी केवढ्याला गेली ते तो बघतो आणि तुझी गाडी तिथवर न्यायला येणारा खर्च त्यातून वजा करतो. ही वजाबाकी त्याच्याआधी तूच करून ठेव.

‘तशीच’ म्हणजे खरोखर तशीच हवी. तुझी १९७२ची, क्रोमच्या बम्परची. १९७४मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी एमजीबीला काळे रबरी बम्पर आले, गाडी उंच झाली आणि वळणावर जास्त कलू लागली. त्या गाड्या सहसा स्वस्तात जातात, म्हणून १९७८च्या गाडीचा भाव पाहून खचू नकोस. पक्क्या छपराच्या जीटीचा भावही तुझ्या उघड्या रोडस्टरला लावू नकोस. आणि जाहिरातीतला ‘दुर्मीळ’ हा शब्द काढ बाबा! १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, जाणकार हसतील. त्याऐवजी वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा ओव्हरड्राइव्ह आहे आणि नीट चालतो, हे ठळक लिही.

भाव बघताना झालेले सौदेच बघ. जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाची इच्छा. लिलावाचे आकडेही जपून वाच, कारण हातोडा पडतो त्या बोलीवर घेणारा लिलावगृहाला प्रीमियम म्हणून जादा रक्कम भरतो आणि विकणाऱ्याचं कमिशन कापलं जातं ते वेगळंच. छापून आलेला आकडा बऱ्याचदा प्रीमियमसकट असतो. तेवढे पैसे तुझ्या हातात येणार नाहीत.

आता सिल्स. तू त्यांच्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मला जास्त काळजी. या गाडीला चॅसी म्हणजे वेगळा सांगाडा नाही, दारांखालचे पत्र्याचे पोकळ सिल्स हाच तिचा कणा. मी माझी पहिली एमजीबी विकायला काढली तेव्हा एक वयस्क गृहस्थ आले. रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. गुडघ्यावर बसून दारामागच्या फटीत बोट घातलं, गाडी जॅकवर घ्यायला लावली आणि चाक उचललं तशी फट कमी होत गेली. मग म्हणाले, “आता दार उघडा.” दार अडकलं होतं, म्हणजे कणाच वाकत होता. सिल्सच्या नव्या पत्र्याचं बिल माझ्या खिशात होतं, पण वेल्डरने तो पत्रा कुजक्या पत्र्यावरच चढवला होता. काम चालू असतानाचा एकही फोटो मी काढला नव्हता. त्या दिवशी माझ्या आकड्यातून जे वजा झालं, ते बिलाच्या कितीतरी पट होतं.

म्हणून बिलं फेकू नकोस, तारखेप्रमाणे फाइलला लाव आणि कामाचे फोटो असतील तर त्यांच्यासोबत ठेव. बेरजेसाठी नव्हे, पुराव्यासाठी. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून घे. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी टायर जुने असतील तर तो खर्चही वजाबाकीत धर. विकण्यापुरता वरवरचा रंग अजिबात मारू नकोस, खाली पुट्टी लपवलीय असाच संशय येतो. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नकोस. बॉनेटवर हात ठेवून लोक हेच तपासतात. थंड इंजिन चोक ओढून कसं सुरू होतं ते त्यांनाच ऐकू दे.

घासाघिशीला थोडी जागा ठेव, पण दीडपट सांगून निम्म्यावर यायचा प्रकार नको. फुगवलेला आकडा बघून खरा घेणारा फोनच करत नाही.

शनिवारी सकाळी मी जॅक आणि टॉर्च घेऊन येतो. तू फक्त आतलं कार्पेट उचलून ठेव. आकडा त्यानंतर लिहू.

तुझा,
काका