वाचकांचे प्रश्न : एक सॅलॅमँडर, सात उपजाती

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विभागासाठी उभयचरांचा तक्ता करताना कॅलिफोर्नियातील एन्सॅटिना या सॅलॅमँडरची जाती एकच, पण उपजाती सात असल्याचे वाचले. छायाचित्रांत ते इतके निरनिराळे दिसतात की त्यांची जाती एकच आहे, हे पटत नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते, तसाच हा प्रकार समजावा का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुमची उपमा बऱ्याच अंतरापर्यंत लागू पडते, ती अडते दक्षिण टोकाला.

एन्सॅटिनाला फुप्फुसे नसतात. तो ओलसर त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वसन करतो, अंडीही जमिनीवरच ओलाव्यात घालतो, त्यामुळे दमट जंगल सोडून तो फारसा दूर जात नाही. सोलापूरच्या एप्रिलमधली एक दुपारही त्याला सोसणार नाही. कॅलिफोर्नियाच्या मधोमध असलेले सेंट्रल व्हॅलीचे उष्ण, कोरडे खोरे त्याला मोठा अडसर ठरते आणि म्हणून त्याची वस्ती या खोऱ्याभोवती गोल कड्यासारखी पसरली आहे. पश्चिमेला, किनाऱ्यालगतच्या डोंगरांत, बहुतेक एकरंगी प्राणी आढळतात, तर पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वतरांगेत गडद अंगावर केशरी-पिवळे ठिपके किंवा पट्टे असलेले. किनाऱ्याकडील झँथॉप्टिका ही उपजाती केशरी पोट आणि पिवळे डोळे यांमुळे त्याच भागातील न्यूट या विषारी सॅलॅमँडरसारखी दिसते आणि अपवाद म्हणजे तिने खोरे ओलांडून पूर्वेकडेही बस्तान बसवले आहे.

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९४९ मध्ये या सर्वांना एका जातीच्या सात उपजाती मानले, कारण शेजारच्या उपजाती जिथे भेटतात तिथे मधल्या रंगरूपाचे प्राणी सापडतात. उत्तरेकडून निघालेल्या दोन शाखा खोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी दक्षिणेस उतरल्या, असा त्यांचा तर्क होता. या दोन टोकांच्या उपजाती, म्हणजे एकरंगी एशशोल्ट्झाय आणि ठसठशीत पट्ट्यांची क्लौबेराय, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत पुन्हा समोरासमोर येतात. पण तिथे संकर तुरळक होतो आणि काही ठिकाणी तर मुळीच होत नाही. तेवढाच डोंगर पाहणारा कोणीही त्यांना दोन जाती म्हणेल. क्लौबेरायला १९२९ मध्ये स्वतंत्र जाती म्हणूनच नाव मिळाले होते, ते उगाच नव्हे.

पुढे जनुकीय अभ्यासांतून दिसले की हे कडे सलग नव्हते. काही गट दीर्घकाळ एकमेकांपासून तुटून राहिले आणि नंतर पुन्हा भेटले. याच कारणावरून काही अभ्यासक जातीची फोड करावी म्हणतात. माझ्या मते, कडे जिथे जिथे जोडले गेले आहे तिथे जनुकांची देवाणघेवाण चालू असताना नेमके कुठे कापायचे, याचे समाधानकारक उत्तर फोड करणाऱ्यांकडे नाही.

आपल्याकडे निकाल उलट लागला. पूर्व नेपाळ आणि दार्जिलिंगचा सॅलॅमँडर पूर्वी टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस या दूरवर पसरलेल्या जातीत गणला जाई. २०१५ मध्ये त्याची टायलोटोट्रायटन हिमालयानस ही वेगळी जाती झाली.

तक्त्यावर एकच जाती आणि सात उपजाती निःशंक दाखवा. मात्र प्रत्येक चित्राखाली प्राणी कोणत्या डोंगरातला आहे तेही लिहा, कारण त्याविना उपजातीच्या नावाला फारसा अर्थ राहत नाही.