एका रुमालावरून शेक्सपिअरचा ऑथेल्लो बायकोचा जीव घेतो, हे पटण्यासारखं आहे का?

तुमचा आक्षेप जुनाच आहे. थॉमस रायमर या इंग्रज टीकाकारानं १६९३ साली याच रुमालावरून नाटकाची यथेच्छ टर उडवली होती. तरी मला ते पटतं, कारण बायकोनं दुसऱ्याला दिल्याचा पुरावा म्हणून रुमाल पुढे येईपर्यंत ऑथेल्लो निम्मा संपलेला असतो.

तिसऱ्या अंकातला तो प्रवेश सावकाश वाचा. त्याचं डोकं दुखतंय म्हणून त्याची बायको डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते, तो तिला झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. म्हणजे ज्याच्यावरून पुढे एवढं रामायण घडतं, तो त्याच्याच वागण्यानं पडलेला असतो. याच्या आधीच इयागोनं, त्याच्या हाताखालच्या कारस्थानी अधिकाऱ्यानं, खरा घाव घातलेला असतो. बापाला फसवून जिनं तुमच्याशी लग्न केलं, ती तुम्हाला फसवणार नाही कशावरून? आणि हे बापानं व्हेनिसमध्ये आधीच ऐकवलेलं असतं. मग ऑथेल्लो स्वतःच कारणं शोधायला लागतो: मी काळा, मला गोड बोलता येत नाही, वय उताराला लागलेलं. हिनं मला निवडलं कसं, याचंच त्याला मनातून नवल वाटत असावं. ज्याच्यावर संशय घेतला तो हाताखालचा कॅसिओ नसता तर दुसरा कुणीतरी सापडलाच असता.

बरं, सायप्रसला पोचल्यापासून शेवटापर्यंत दीडएक दिवसच जातो. व्यभिचाराला वेळ कुठून मिळणार? एवढा साधा हिशेब सेनापतीला सुचत नाही.

तो विचारत नाही असं नाही, पण विचारतो रुमालाबद्दल. ती घाबरून हरवला नाही म्हणते, तिथे बिचारीचं चुकतंच. तिच्या दासीला, एमिलियाला विचारतो, ती शपथेवर सांगते, ते याला खोटं वाटतं. कॅसिओचं नाव घेऊन बायकोला सरळ जाब विचारतो तो थेट शेवटच्या रात्री. त्याला बोलावून विचारा, असं ती म्हणते. तोपर्यंत त्याला मारायचं काम याने इयागोवर सोपवलेलं असतं. कोल्हापुरात आम्ही हौशी मंडळींनी हे नाटक वाचलं, तेव्हा मागे बसलेले एक काका न राहवून ओरडलेच, "आरं, आधीच इचारायचं की लेका!" मला तरी एवढी नेमकी टीका छापील पुस्तकांत सापडलेली नाही.

आपल्या गोविंद बल्लाळ देवलांना हे बरोबर उमगलं होतं असं मला वाटतं. 'ऑथेल्लो'वरून त्यांनी १८९०मध्ये 'झुंजारराव' लिहिलं, आणि फ्रेंच नाटककार मोलिएरच्या मूळ कल्पनेवरचं 'संशयकल्लोळ'ही त्यांचंच, १९१६मध्ये रंगभूमीवर आलेलं. तिथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. रेवतीकडची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते, आणि तिच्या हातात परपुरुषाचं चित्र पाहून फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. पुरावा तितकाच फडतूस. पण फाल्गुनराव काही पोटात ठेवत नाही. बायकोवर, नोकरावर, दिसेल त्याच्यावर खेकसतो आणि तीही तितक्याच जोरात उलट बोलते. चार माणसांत संशय ओरडला गेला की त्याचं हसं होतं. आमच्याकडे केशवरावला (म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहात, २०२४च्या आगीच्या आधी) हे नाटक लागलं की लोक पोट धरून हसायचे. ऑथेल्लो मात्र सगळं एकट्या इयागोजवळ बोलतो.

'मीडिया' ही ग्रीक शोकांतिकाही मत्सराचंच नाटक ना, असं तुम्ही शेवटी विचारलंय. युरिपिडीसच्या त्या नाटकात (इ.स.पू. ४३१) मीडियाच्या नवऱ्यानं, जेसननं, खरोखरच कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न केलेलं असतं. तिथे संशयाला जागाच नाही, सगळं उघड्यावर आहे. पोटच्या पोरांना मारताना मीडिया फसलेली नसते, आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मी तिला ऑथेल्लोच्या पंगतीला बसवणार नाही.