शंका-समाधान : जेटचं भोक आणि ज्योतीचा रंग

प्रश्न : महिनाभर गॅसची ज्योत पिवळी येते, भांड्यांच्या बुडाला काजळी धरते. सुई घालून जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी टोक) मोकळा केला. ज्योत मोठी झाली, पण काजळीही वाढली. असं का? (कोरेगाव)

उत्तर : जेट नुसता गॅस सोडत नाही, हवाही तोच ओढून घेतो. रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलिबार दाबाने येतो. म्हणजे 30 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकाच दाब. तरीही जेटच्या टोकातून तो सेकंदाला 50 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, आणि मिक्सिंग ट्यूबच्या, म्हणजे जेटपासून बर्नरपर्यंतच्या नळीच्या, तोंडात शिरताना आजूबाजूची हवा सोबत खेचून नेतो. एक भाग एलपीजी पूर्ण जळायला 24 ते 31 भाग हवा लागते. त्यातली निम्म्याहून बरीच जास्त ट्यूबमध्येच मिसळली की ज्योत निळी राहते. उरलेली हवा ज्योत बर्नरबाहेर घेते.

आता सुईने काय झालं ते पाहा. समजा, ट्यूबचा गळा 10 मिमीचा आणि जेट 0.65 मिमीचा आहे. ढोबळ हिशेबाने अशा जेटमागे गॅसच्या एका भागाला 18-19 भाग हवा ओढली जाते. पितळ मऊ असतं, स्टीलच्या सुईने भोक 0.75 मिमी व्हायला वेळ लागत नाही. मग गॅस एक तृतीयांशाने वाढतो आणि दर भागामागची हवा 16 वर येते. शिवाय भोकाची कड खरवडली गेली की धार तिरपी सुटते, ट्यूबच्या भिंतीवर आपटते आणि तिचा जोर तिथेच संपतो. हा जेट आता काढून टाका आणि तुमच्या शेगडीच्या मॉडेलचाच नवा बसवून घ्या.

मूळ दुखणं मात्र बहुतेक जेटमध्ये नव्हतंच. जेट तुंबला तर ज्योत लहान होते. ज्योत मोठी आणि पिवळी असेल तर हवेची वाट अडलेली असते. रेग्युलेटर बंद करा, बर्नर थंड झाल्यावर उचला आणि मिक्सिंग ट्यूबमधून उजेडाकडे पाहा. कोळ्याचं जाळं, उतू गेलेल्या दुधाची खरपुडी, कधी मेलेलं झुरळ निघतं. बाटली धुवायच्या बारीक ब्रशने ट्यूब आतून साफ करा. बर्नरची भोकं साबणाच्या गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. जेट ट्यूबच्या बरोबर मध्यावर रोखलेला आहे ना, तेही बघा; भांडी आपटून तो वाकडा होतो. जेट उघडला असेल तर जोडावर साबणाचा फेस लावून गळती तपासल्याशिवाय काडी ओढू नका.

ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या दिसल्या तर काळजी नको, ती धूळ किंवा मीठ असतं.

प्रश्न : पाइपचा गॅस आला. जुन्या शेगडीचे जेट बदलायलाच हवेत का? (ठाणे)

उत्तर : हो. 0.65 मिमीच्या एलपीजी जेटइतकी आच पाइपच्या गॅसवर हवी असेल तर भोक साधारण 0.9 मिमी लागतं, कारण या गॅसमध्ये दर घनमीटरला उष्णता बरीच कमी. जुना जेट ठेवला तर स्वयंपाक रेंगाळेल, एवढंच. उलटी चूक जास्त घातक. गावी नेलेल्या शेगडीत पाइपच्या गॅसचा जेट राहिला आणि तिला सिलिंडर जोडला, तर जवळपास दुप्पट गॅस सुटतो. काजळी तर येतेच, पण बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : गोबरगॅसवर एलपीजीची शेगडी लावली, जेट मोठा केला. ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि विझते. (वैराग)

उत्तर : गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण 60 टक्के, बाकी बहुतांश कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे एका भागाला पावणेसहा भाग हवा पुरते आणि ज्योत सावकाश पुढे सरकते. एलपीजीच्या ट्यूबमधून त्याला गरजेपेक्षा जास्त हवा मिळते आणि बारीक भोकांतून मिश्रण ज्योतीच्या वेगापेक्षा जोरात बाहेर पडतं. म्हणून ती उचलली जाते. ट्यूबच्या तोंडाशी हवेची वाट कमी-जास्त करणारी पत्री असते, ती सरकवून वाट निम्मी झाकून पाहा. ज्योत बसली तरी आच कमी वाटेल, कारण बर्नरलाच जास्त आणि मोठी भोकं हवीत. गोबरगॅससाठी बनवलेला बर्नर घेणं हाच खरा उपाय.

पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरा, एक टोक गॅसला जोडा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजा; तोच दाब. तरंगत्या टाकीच्या प्लँटला तो 8 ते 10 सेंटिमीटर असा जवळपास स्थिर राहतो. घुमटाच्या प्लँटमध्ये तो दिवसभर चढतो-उतरतो, म्हणून आच सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. कॉकने ती सांभाळावी लागते. ज्योत धपधप करत असेल तर पाइपात पाणी साठलंय. पाइपाला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा.

प्रश्न : ट्रॅक्टर नांगरताना काळा धूर ओकतो. नोझल बदलू का? (राहुरी)

उत्तर : आधी एअर फिल्टर काढून बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेलची धार फुटत नाही. फिल्टर स्वच्छ असेल तरच इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग; नोझल हे त्याचं टोक) टेस्टरवर, म्हणजे दाब देऊन फवारा तपासायच्या पंपावर, लावून घ्या. नोझलची भोकं 0.2 ते 0.3 मिमीची असतात, आणि जुन्या ट्रॅक्टरांत ती साधारण 200 बारच्या आसपास उघडतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. प्रत्येक भोकातून सारखं धुकं सुटलं पाहिजे. एखादी जाड धार दिसली तर ते डिझेल हवेत न मिसळता पिस्टनवर जाऊन पडतं. दाब उघडण्याच्या आकड्याच्या जरा खाली धरून दहा सेकंद थांबा. टोकाशी थेंब जमला तर नोझलच्या आतली, डिझेल अडवणारी सुई नीट बसत नाही. टोक पितळी ब्रशनेच घासा. सुई आणि बॉडी ही जोडी असते, एकीची सुई दुसरीत घालू नका.

इंजेक्टरखालची जुनी तांब्याची वॉशर खोबणीत राहते आणि तिच्यावर नवी बसते, हे फार घडतं. नोझल तेवढी वर राहते आणि धार पिस्टनच्या खळग्यात पडायची ती कडेला पडते. महागडी नोझल घालूनही धूर तसाच राहिला, तर ही वॉशर बघा.

टेस्टर चालू असताना त्या धुक्यापुढे हात नेऊ नका. ते कातडीत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच तासात दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा : दाबाचं डिझेल आत गेलंय.