आयकॉन बदलला, तरी डेस्कटॉपवर जुनाच दिसतो

प्रश्न : हिशेबाच्या फोल्डरला मी स्वतः काढलेलं चित्र आयकॉन म्हणून लावलं होतं. परवा त्याचे रंग सुधारले आणि त्याच नावानं सेव्ह केलं, पण डेस्कटॉपवर अजून जुनंच दिसतंय. एफ 5 कितीदा तरी दाबलं. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि फोल्डरच्या खिडक्या दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा सुरू करा, असं सगळे सांगतात. पण माझ्या दहा-बारा फोल्डरच्या खिडक्या कायम उघड्या असतात. विंडोज 10 आहे. दुसरा काही मार्ग?

उत्तर : आहे. एक्सप्लोररला आत्ताच हात लावू नका. मी एकदा लावला होता. त्या वेळी कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो कॉपी होत होते, आणि कॉपीचं काम एक्सप्लोररच करत असतो हे माझ्या लक्षातच आलं नाही. कॉपी अर्ध्यावर तुटली. कोणते फोटो आले नि कोणते राहिले, हे जुळवण्यात सगळी दुपार गेली.

एफ 5 दाबल्यावर फोल्डरमध्ये काय काय आहे, एवढंच पुन्हा वाचलं जातं. आयकॉनचं चित्र विंडोज दर वेळी मूळ फाइलमधून काढत नाही. एकदा काढलं की आपल्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतं आणि पुढे तेच दाखवतं. तुम्ही चित्र बदललंत, पण फाइलचं नाव आणि जागा तीच राहिली. त्यामुळे साठ्यातलं चित्र शिळं झालंय हे त्याला कळलंच नाही. खात्री करायची तर डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. विंडोज 10 मध्ये लहान-मोठ्या मापांच्या आयकॉनचे साठे वेगळे असतात, त्यामुळे कधी कधी दुसऱ्या मापात नवं चित्र दिसतं. तसं दिसलं तर तुमची फाइल ठीक आहे.

आता उपाय. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत, सलग, आय ई 4 यू आय एन आय टी डॉट ई एक्स ई असं टाइप करा. मग एक जागा सोडा, उणे चिन्ह द्या आणि त्याला लागूनच एस एच ओ डब्ल्यू. एंटर दाबा. कुठलाही संदेश येत नाही, फार तर आयकॉन क्षणभर लुकलुकतात. तुमच्या खिडक्या होत्या तशाच राहतात. विंडोज 7 असलेल्यांनी शेवटच्या शब्दाऐवजी क्लिअर, आयकॉन, कॅश हे तीन इंग्रजी शब्द जोडून लिहावेत.

तुमच्यासारख्या स्वतः चित्रं काढणाऱ्यांना मात्र मी दुसरीच सवय सुचवेन, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते : सुधारलेलं चित्र नव्या नावानं सेव्ह करायचं. ‘हिशेब’ होतं, आता ‘हिशेब 2’. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ या भागात जाऊन चेंज आयकॉननं ते निवडायचं. नावच नवं असल्यानं साठ्यात त्याचं जुनं चित्र सापडत नाही आणि विंडोजला मूळ फाइल उघडावीच लागते.

एखाद्या शॉर्टकटवर कोरा पांढरा कागद दिसत असेल, तर आधी तो प्रोग्रॅम जागेवर आहे का ते पाहा; बऱ्याचदा तो हलवलेला किंवा काढून टाकलेला असतो.

एवढं करूनही जुनंच चित्र राहिलं, तर साठ्याच्या फायलीच बिघडल्या असतील. त्या पुसायच्या तर एक्सप्लोरर बंद करावाच लागतो. ते काम संध्याकाळी, खिडक्या मिटल्यावर आणि कुठलीही कॉपी चालू नाही हे पाहून करा.