निबंध सांगू नकोस, मुलाला बोलतं कर
शिकवणीच्या पहिल्याच दिवशी वहीवर लाल पेन चालवू नकोस. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मकथन’ लिहायचं असेल तर मुलाला त्याच्याच दप्तरातलं जुनं पुस्तक काढायला लाव. कोपरा कुणी दुमडला, शाईचा डाग कधी पडला, पहिल्या पानावर कुणाचं नाव खोडलंय, हे विचार. तो बोलेल तसंच लिहू दे. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघ. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतलं एकच निवडायचं असतं, तरी मुलं गाईडमधले निबंध पाठ करून येतात. मीही सुरुवातीला वाक्यं सांगायचे. मग सात जणांच्या निबंधांतली पुस्तकं एकाच रद्दीवाल्याकडे गेली! पत्रलेखनाचं मात्र वेगळं. तिथे दिनांक, विषय, मायना घोटूनच घे.